एक ते एकशे बत्तीस

नदीतला शिंपला डोळ्यांना दिसत नाही, पायाला लागतो. गाळात तो उभा रुतलेला असतो, वर फक्त ओठ, तेही चिरेएवढे उघडे. पाय सपाट टेकवला की टाचेखाली काहीतरी झटकन मिटतं. मग बुडी मारायची, बोटं गाळात घालायची आणि पेटता दिवा उचलावा तसा त्याला सरळ वर काढायचा. चाळीस वर्षं त्या पाण्यात जाळी लावताना माझे पाय हे शिकले. म्हणून शिंपलेबाई गावात चौकशी करत आल्या तेव्हा लोकांनी त्यांना आमच्या दारात आणून सोडलं.

शिंपलेबाई हे नाव बायकोने ठेवलं. त्या शहरातल्या कुठल्याशा संस्थेतून आल्या होत्या, वय आमच्या सुनेएवढं. उन्हाने नाकाचं साल निघालेलं, हातात मोजपट्टी, पाठीला पिशवी. दारातच म्हणाल्या, "काका, पाणी सोडणार आहेत, तुम्हाला माहीत आहे ना?"

माहीत होतं. खालच्या बंधाऱ्याचे दरवाजे गंजून गळत होते. ते बदलायचे तर दोन बंधाऱ्यांमधलं सगळं पाणी काढून टाकावं लागणार होतं. तारीख ठरली होती, वीस दिवसांवर. मासे थोडे खाली जातील, थोडे लोक धरतील, हे आम्ही धरून चाललो होतो. शिंपल्यांचं काय, हे कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बाईंनी एक शिंपला तळहातावर घेतला आणि त्याच्या पाठीवरच्या रेघा नखाने मोजून दाखवल्या. "एक रेघ म्हणजे एक वर्ष. हा छत्तीस वर्षांचा आहे."

बायको पुढे वाकली. "अगंबाई, आमच्या मुलाहून मोठा."

"आणि रोज घागर-घागर पाणी गाळून स्वच्छ करतो, काकू."

"मग मुलापेक्षा बराच म्हणायचा," बायको म्हणाली. मुलगा ट्रकवर असतो, तीन-तीन महिने घरी येत नाही. सून खाली बघून हसली.

काम असं होतं. शिंपल्यांचे दोन पट्टे होते. एक खडकाखालचा, त्यात हजार-बाराशे. दुसरा खाली वळणावरचा, त्यात चार हजारांच्या वर. खडकाखालचे आधी काढून वरच्या बंधाऱ्यापलीकडच्या डोहात न्यायचे आणि आठ दिवस थांबायचं. शंभरातले ऐंशी जगले, तर वळणावरचेही न्यायचे. नाही जगले तर सगळं बंद. ही अट बाईंच्या वरच्या साहेबांची. वरच्या डोहात काहीही सोडायला त्यांची सही लागत होती.

आम्ही तिघं मजुरीवर लागलो. मी बुड्या मारायचो. सून काठावर बसून शिंपल्याची पाठ पुसायची, नखाएवढी नंबराची चकती चिकटवायची, लांबी मोजायची आणि वहीत लिहायची. बायको ते ओल्या पोत्यात गुंडाळून टोपलीत लावायची. मग टोपल्या डोक्यावर घेऊन खडकांतून वर चढायचं. अर्ध्या तासाची वाट होती. बायकोचा गुडघा चढताना कट् कट् वाजायचा. ती म्हणायची, "मोजा माझी वाजणी, वाट किती उरली ते कळेल."

पहिल्याच दिवशी साहेब बघायला आले. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून दगडावरून दगडावर पाय देत आले. आमची पोती मासळीची. वीस वर्षं त्यात मासळी भरली, वास असणारच. साहेबांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

"यातून नेणार?" ते बाईंना म्हणाले. "जरा स्वच्छ काही मिळालं नाही?"

"सर, गोणपाट ओलं राहतं, त्यामुळे..."

"ते ठीक आहे. पण फोटो जाणार आहेत आपले. जरा बघा."

बायको त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होती. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, केसांना गाळ. साहेब तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. फक्त तिच्याजवळून जाताना रुमाल जरा घट्ट धरला.

त्या दिवशी एकशे बत्तीस शिंपले वर नेऊन लावले. डोहाच्या तळाशी दोऱ्या ताणून चौकोन केले होते, एकेका चौकोनात मोजून, ओठ वर करून.  परत येताना घराजवळ आल्यावर बायको म्हणाली, "त्याने पोत्यांसाठी नाक धरलं नाही. माझ्यासाठी धरलं."

"अगं, त्याचं नाकच तसं असेल."

"तुम्हाला नाक असतं तर कळलं असतं. तुमचं कधीच पाण्यात वाहून गेलंय."

बायकोचं घर मी सांगायला नको. मासळीवाल्याचं घर असून पाहुणा उंबऱ्यावर थबकतो, पाय पुसायला काही आहे का बघतो. दिवसातून दोनदा फरशी. भांड्यात तोंड दिसतं. तिला कोणी घाणेरडी म्हणणं म्हणजे मला कोणी पोहता येत नाही म्हणण्यासारखं.

दिवस मावळायच्या आत तिने सगळी पोती अंगणातल्या धुण्याच्या दगडावर घेतली. कपड्यांच्या पावडरीची नवी पुडी फोडली आणि अख्खी संपवली. ब्रशने घासली, आपटली, पुन्हा घासली. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं आणि तो दिवस पाण्याचा नव्हता. होत्या त्या दोन बादल्यांत तिने ती बुचकळून काढली आणि कुंपणावर वाळत टाकली. सकाळी पोत्यांना फुलांसारखा वास येत होता.

सून म्हणाली, "मामा, आता शिंपले लग्नाला निघाल्यासारखे जातील."

शिंपलेबाईंनीही पोतं हातात घेऊन पाहिलं. "काकू, किती छान धुतलीत!" त्यांना वाटलं असेल नदीवर धुतली. त्या दिवशी खडक चढताना बायकोचा गुडघा वाजला तरी तिने मोजायला सांगितलं नाही. ताठ चालत होती.

पुढचे चार दिवस ऊन असं होतं की पाण्यातून डोकं काढलं की कानशिलं तापायची. बायको टोपलीवर सारखं मग्याने पाणी मारत राहायची, पोती वाळू नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी पोत्याची घडी उलगडली तर शिंपल्यांच्या ओठांवर बारीक पांढरा फेस होता.

"काका, हे काय?"

मी पाहिलं. "खेकडा पाण्याबाहेर काढला की फेस काढतो ना? तसंच. श्वास घेतात ते."

"शिंपले असं करतात?"

"बाई, माझी हयात गेली यात."

बाईंनी वहीत लिहिलं. मी सांगितलेलं कोणीतरी वहीत लिहितंय, याचं मला बरं वाटलं. घरी सुनेला मी तेच पुन्हा सांगितलं. खरं म्हणजे शिंपल्याच्या ओठावर फेस मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. पण इतके शिंपले एकदम बाहेरही कधी काढले नव्हते.

पाच दिवसांत अकराशे चाळीस झाले. मग थांबलो.

आठ दिवसांनी आम्ही वर गेलो तेव्हा वास आधी आला. वाऱ्यावर, खडकांच्या अलीकडेच. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "एखादं जनावर मेलं असेल." बाई पुढे गेल्या, पुढे गेल्या आणि पळायला लागल्या.

मी बुडी मारली. जिवंत शिंपला हाताला जड लागतो, दगडासारखा, मिटलेला. पहिला हाताला आला तो हलका होता. दोन्ही पाकळ्या सुटलेल्या, आतलं पाण्याबरोबर बाहेर आलं. दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी वर येऊन श्वास घेतला तेव्हा बाई काठावर गुडघ्यांवर बसल्या होत्या.

"सगळे काढा, काका. मोजायला लागतील."

दोन दिवस तेच केलं. वरच्या गावची माणसं काठावर येऊन उभी राहिली. त्यांचं प्यायचं पाणी त्या डोहातून. एक बाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन ओरडली, "आमच्या पाण्यात मढी आणून सोडलीत! तुमची नदी तुम्ही सुकवा, आमची का नासवता?" शिंपलेबाईंनी तिला समजावलं, हात जोडले. मेलेले शिंपले आम्ही पाट्या भरभरून लांब नेऊन पुरले.

जिवंत होते दोनशे एकवीस. शंभरातले वीसही नाहीत. बाईंनी आकडा फोनवर साहेबांना कळवला. पलीकडचं बोलणं आम्हाला ऐकू आलं नाही. बाई नुसतं "हो सर, हो सर" म्हणत होत्या. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांचं म्हणणं, डोहाचं पाणी शिंपल्यांना मानवलं नाही. वळणावरचे न्यायचे नाहीत." आणि एकदम काठावरच्या दगडाला लाथ मारली. पायाला लागलं असेल, पण त्यांनी दाखवलं नाही.

त्या संध्याकाळी सून ओसरीवर वही घेऊन बसली होती. दोन दिवसांत जे जिवंत सापडले त्यांच्या नंबरासमोर तिने टिंब दिलं होतं. पानं उलटता उलटता थांबली. पुन्हा मागे गेली.

"मामा, इकडे या."

पहिल्या तीन पानांवर टिंबंच टिंबं. पुढच्या पानांवर कुठे एक, कुठे दोन, शेताच्या कडेला चुकून उगवल्यासारखी.

"एक ते एकशे बत्तीस," सून म्हणाली. "त्यातले एकशे सत्तावीस जिवंत आहेत. मेले ते जवळजवळ सगळे एकशे तेहतीसपासून पुढचे."

"म्हणजे पहिल्या दिवसाचे जगले."

"पहिल्या दिवशी काय वेगळं होतं?"

"काही नाही. तोच डोह, तीच माणसं..."

बायको आतून चहा घेऊन आली. आम्ही दोघंही गप्प झालो. तिने कप ठेवले, कपाखाली सांडलेला थेंब फडक्याने पुसला आणि आत गेली. सुनेने वही मिटली. माझ्याकडे बघितलं नाही, कुंपणाकडे बघितलं. पोती तिथे वाळत होती.

मी उठलो. एका पोत्याचं टोक बादलीत बुडवून पिळलं. बोटांच्या फटींतून पांढरा फेस आला. हुंगून पाहिला. खेकड्याचा फेस सुगंधी नसतो.

"मामा," सून हळूच म्हणाली, "बाईंना सांगायला हवं. पाण्याचा दोष नाहीये. वळणावरचे अजून नेता येतील. पाच दिवस आहेत."

"सांगतो."

"आणि आईंना?"

मी बादली मोरीत ओतली.

दोन दिवस मी सांगितलं नाही. हे मला कबूल करायला हवं. रोज सकाळी सांगायचं ठरवून निघायचो आणि बाई समोर आल्या की त्यांच्या सामानाची दोरी आवळून द्यायचो, जाळी झटकायचो. कारण बाईंना सांगितलं की बायकोला कळणार. आणि बायको तेव्हा काय म्हणत होती? जेवायला वाढताना म्हणत होती, "किती जपून लावले होते मी. तान्ह्या मुलाला गुंडाळावं तसे. एक दगड लागू दिला नाही. तरी कसे मेले?" दुसऱ्या दिवशी पुन्हा, "माझ्या हातात काही कमी पडलं का हो?" मी म्हटलं, "पाणी मानवलं नाही." सून पाटावरून उठून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेने वही माझ्या हातात दिली. "आज तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगते. मी सांगितलं तर खरं नाव सांगेन."

बाई आपलं सामान बांधत होत्या. मी वही उघडून पानं दाखवली आणि म्हटलं, "पोती मी धुतली होती. कपड्यांच्या पावडरीने. नीट निघाली नाही ती. आणि तो फेस श्वासाचा नव्हता. मी चुकीचं सांगितलं."

बाईंनी पानं पुढे-मागे उलटून पाहिली. "पोतं मी हातात घेतलं होतं, काका," त्या म्हणाल्या. "मी छान म्हणाले होते. मी विचारायला हवं होतं." मग लगेच फोन लावला.

साहेबांचा फोन दुपारी लागला. या वेळी बाईंनी तो आम्हाला ऐकू येईल असा धरला.

"साबण?" साहेब म्हणाले. "तुम्ही हे आता सांगताय? रिपोर्ट कालच गेला."

"सर, नंबरांवरून स्पष्ट दिसतंय. पाणी चांगलं आहे. तीन दिवस मिळाले तर निम्मे तरी..."

"वरच्या गावाची लेखी तक्रार आली आहे. मी पुन्हा सही करू? आणि कारण काय लिहू, मजुराने पोती धुतली?" जरा थांबून म्हणाले, "मीच म्हणालो होतो ना, स्वच्छता ठेवा. ठेवली तीही अशी." ते हसले असं मला वाटलं. कदाचित खोकले असतील.

आम्ही बंधाऱ्यावर गेलो. तिथला इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. त्याने बाईंना खुर्ची दिली, मला स्टूल दिलं. म्हणाला, "मॅडम, क्रेन आलीय. ती चार दिवसांनी दुसऱ्या कामावर जाणार. लेखी काही असेल तर द्या, मी थांबवतो. तोंडी कसं थांबवू?" लेखी द्यायला ज्यांची सही लागत होती ते फोनवर आधीच नाही म्हणाले होते.

मग बाई म्हणाल्या, "सहीशिवाय नेऊ. माझी नोकरी गेली तर गेली." आम्ही वळणावरचे साठ शिंपले काढले, नदीच्याच शेवाळात लावले आणि मी व बाई टोपल्या घेऊन चढलो. वरच्या गावची चार माणसं वाटेत दगडांवर बसली होती. त्यांतला एक माझ्याच वयाचा, तरुणपणी आम्ही एका जाळ्याला दोन बाजूंनी लागलेलो.

"टोपली खाली ठेव," तो म्हणाला.

"अरे, या वेळी मरणार नाहीत. चूक कळलीय."

"तुझ्या प्यायच्या पाण्यात मी टोपली आणली असती. एकदा सगळं नासवून पुन्हा आणली असती. तू सोडू दिलं असतंस?"

मी टोपली खाली ठेवली नाही आणि पुढेही गेलो नाही. शेवाळातून पाणी मानेवर ठिबकत होतं. मग आम्ही वळलो आणि ते साठ जिथून काढले होते तिथे परत लावले. ओठ वर करून.

ठरलेल्या दिवशी सकाळी दरवाजे काढले. पाणी जाताना आवाज मोठा झाला, मग लहान, मग नुसता वाहत्या नळासारखा. दुपारपर्यंत वळणावरचा गाळ उघडा पडला. गावचे लोक माशांसाठी खालच्या अंगाला धावले होते. वळणावर आम्ही चौघंच होतो. बाई फोटो काढत होत्या, रडत नव्हत्या, पण कॅमेरा सारखा पुसत होत्या.

बायकोला चिखलात वाकड्यातिकड्या रेघा दिसल्या. गोगलगायीच्या असतात तशा, पण रुंद आणि खोल. शेकडो. सगळ्या मधल्या डबक्याच्या दिशेने.

"हे काय हो?"

एका रेघेच्या टोकाशी शिंपला होता. पाकळ्यांतून जिभेसारखा पांढरा पाय बाहेर काढून, चिखलात रोवून, स्वतःला ओढत होता. बायको उकिडवी बसून बघत राहिली. बराच वेळ गेला. शिंपला बोटभर सरकला.

"चालतात हो हे," ती म्हणाली. "पाण्यामागे चाललेत."

वर बगळे उतरायला लागले होते. बायकोने तो शिंपला उचलला आणि डबक्यात नेऊन लावला. मग दुसरा. मग सूनही लागली. मीही वाकलो. कोणी सांगितलं नव्हतं, मजुरीचं काम तर कधीच संपलं होतं. चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जात होते. बायकोचा दुखरा पाय रुतला की मी तिला बगलेत हात घालून काढायचो आणि ती म्हणायची, "सोडा, सोडा, येते मी."

असेच दोघं शेजारी वाकलेले असताना ती म्हणाली, "पोती तुम्ही धुतलीत म्हणे." मान वर केली नाही.

सुनेकडे मी बघितलं. ती लांब होती.

"हो," मी म्हटलं.

"आयुष्यात स्वतःचा रुमाल धुतला नाहीत तुम्ही."

 तिने हातातल्या शिंपल्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला.

"बाईंना खरं वाटलं?"

"वाटलं असावं."

"साहेबाला?"

"त्यालाही."

 तिने नाकाने जोरात श्वास ओढला आणि उठली.

डबकं उन्हाने आणि झिरपून एका खाटेएवढं उरलं होतं. त्यात शिंपल्याला शिंपला लागला होता, मधे पाणी कमी आणि पाठीच जास्त दिसत होत्या. बायको काठाशी उभी राहिली, हातात तो एक घेऊन.

"आता हा कुठे ठेवू?"

मी बघितलं. जागा नव्हती. "ठेव तिथेच कुठेतरी," मी म्हटलं.

ती खाली बसली. दोन्ही हातांनी आधीचे सरकवले, बोटभर फट केली, आणि तो त्या फटीत उभा लावला. ओठ पाण्याच्या वर राहत होते, म्हणून ओंजळीने थोडं पाणी त्यांच्यावर घातलं. मग हात टेकून उठली आणि पुढचा आणायला गेली.